आठवणारी म्हातारी आणि तिचं युद्ध: पहिली कादंबरी लिहिणाऱ्यांसाठी

म्हातारी खिडकीत बसली आहे, हातात जुना फोटो आहे, आणि पान उलटलं की आपण १९४१ मध्ये. दुसऱ्या महायुद्धातलं तारुण्य आठवणाऱ्या वृद्धेवर पहिली कादंबरी लिहायला घेणारे बहुतेक जण अशीच सुरुवात करतात. पुढे तीनशे पानं बॉम्बहल्ले, प्रेम, ताटातूट, आणि शेवटच्या पानावर पुन्हा तीच खिडकी. मधल्या सगळ्या पानांत म्हातारी कुठेच नसते. तिला भूक लागत नाही, तिचं कुणाशी बिनसत नाही, तिला काही हवंसं वाटत नाही. आपल्याला भूतकाळात सोडायचं आणि परत न्यायला यायचं, एवढंच तिचं काम उरतं.

माझं मत ठाम आहे: या कादंबरीची नायिका ऐंशी वर्षांची बाई आहे. अठरा वर्षांच्या मुलीचं जे व्हायचं ते होऊन गेलं. झालं ते सांगायचं की गिळून टाकायचं, कुणाला सांगायचं, स्वतःला माफ करायचं का, हे प्रश्न अजून म्हातारीपुढे उभे आहेत. आठवणं ही आज घडणारी गोष्ट आहे, आणि तिचे परिणामही आजच्या माणसांवर होतात. म्हणून खाली सांगितलेली कामं मी म्हातारीपासून सुरू केली आहेत. युद्ध नंतर येतं.

पहिलं काम: वयाचा हिशेब

वहीत दोन रकाने आखा. डावीकडे सालं, उजवीकडे नायिकेचं वय. समजा, ती १९२३ च्या जानेवारीत जन्मली. सप्टेंबर १९३९ मध्ये युरोपात युद्ध सुरू झालं तेव्हा ती १६ वर्षांची, मे १९४५ मध्ये जर्मनी शरण गेली तेव्हा २२ वर्षांची. ऐंशीला ती २००३ मध्ये पोहोचते.

हा हिशेब न केल्यामुळे पुष्कळ हस्तलिखितं पहिल्याच प्रकरणात अडखळतात. लेखक 'आज' म्हणून चालू वर्ष धरतो आणि आजीला ऐंशीची करतो. पण २०२५ मध्ये ऐंशी वर्षांची असलेली बाई १९४५ मध्ये जन्मली. तिच्याकडे युद्धाची आठवण असूच शकत नाही. तेव्हा कादंबरीचा वर्तमानकाळ मागे न्यावा लागतो, साधारण १९८५ ते २००५ या पट्ट्यात. त्याने नुकसान काहीच नाही. तारेचा फोन, हाताने लिहिलेली पत्रं, ध्वनिफितीवर मुलाखत घेणारा विद्यार्थी, हे सगळं तुमच्या हाताशी येतं.

जन्मसालात दोन-तीन वर्षं इकडेतिकडे झाली तरी अख्खं आयुष्य बदलतं. ब्रिटनमध्ये डिसेंबर १९४१ च्या कायद्याने २० ते ३० वर्षांच्या अविवाहित स्त्रियांना युद्धसेवेसाठी बोलावणं सुरू झालं. पुढे खालची मर्यादा १९ वर आली. १९२३ ची मुलगी लवकरच त्या यादीत सापडते. १९२६ ची मुलगी १९ ची होते तेव्हा युद्ध संपत आलेलं असतं. थोरली बहीण गणवेशात आणि धाकटी शाळेच्या वर्गात, एवढ्या तीन वर्षांच्या फरकावर दोन बहिणींमधली आयुष्यभराची अढी उभी राहू शकते.

ती आजच का बोलते?

या कामाला सगळ्यांत जास्त वेळ द्या. महिनाभर लागला तरी हरकत नाही. पन्नास-साठ वर्षं गप्प राहिलेली बाई एखाद्या दुपारी अचानक का बोलू लागते? 'फोटो सापडला' हे उत्तर पुरेसं नाही. फोटो इतकी वर्षं घरातच होता.

खऱ्या आयुष्यातली दोन उदाहरणं बघा. १९२४ मध्ये जन्मलेल्या किम हाक-सुन या कोरियन बाईंनी १४ ऑगस्ट १९९१ रोजी स्वतःच्या नावानिशी जाहीरपणे सांगितलं की जपानी सैन्याने युद्धकाळात त्यांना लैंगिक गुलामीत ठेवलं होतं. जवळपास अर्धशतक त्या बोलल्या नव्हत्या. नवरा, मुलं यांच्यापैकी कुणी उरलं नव्हतं. आणि जपानचं सरकार ही जबाबदारी नाकारत होतं, याचा त्यांना संताप होता. या दोन्ही गोष्टी एकत्र पाहा. ज्यांच्यासाठी गप्प राहायचं ती माणसं गेली, आणि ज्यांच्याविरुद्ध बोलायचं ते समोर उभे राहिले. त्यांच्यानंतर इतर देशांतल्या स्त्रियाही पुढे आल्या.

दुसरं उदाहरण ब्लेचली पार्कचं. जर्मनांचे सांकेतिक संदेश उलगडणाऱ्या या ब्रिटिश केंद्रात काम करणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश स्त्रिया होत्या. त्यांनी गुप्ततेच्या कागदावर सह्या केल्या होत्या आणि त्या पाळल्या. १९७४ मध्ये ही हकिकत पहिल्यांदा लोकांसमोर मोठ्या प्रमाणावर आली, तोवर कित्येकींचे आईवडील मुलीने युद्धात काय केलं हे न कळताच गेले होते. काहींच्या नवऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. इथे मौन लाजेचं नाही, शब्द दिल्याचं आहे. आणि सरकारनेच तो शब्द मोकळा केल्यावर बाई काय करते? काहींना बोलताच आलं नाही, इतकी सवय झाली होती.

मौनाचा तिसरा प्रकार मला सर्वांत कादंबरीच्या जवळचा वाटतो: कुणी विचारलंच नाही. सोव्हिएत सैन्यात सुमारे ८ लाख स्त्रिया होत्या. युद्ध संपल्यावर त्यातल्या बऱ्याच जणींना आपली पदकं दागिन्याच्या डबीतच ठेवून द्यावीशी वाटली, कारण आघाडीवरून आलेल्या मुलीकडे लोक संशयाने बघत. घरातल्या पुरुषाच्या युद्धकथा जेवणाच्या टेबलावर दरवर्षी सांगितल्या जात होत्या आणि तीही त्या ऐकत होती. आता तो पुरुष गेला. टेबलावर पहिल्यांदा शांतता आहे. तुमची कादंबरी इथूनही सुरू होऊ शकते.

एका चिठ्ठीवर हे वाक्य पूर्ण करा: 'ती आज बोलते, कारण ______, कालपर्यंत बोलली नाही, कारण ______.' दोन्ही रिकाम्या जागा ठोस माणसांनी आणि घटनांनी भरा. 'मन मोकळं करावंसं वाटलं' असं काही सुचलं तर खोडा आणि पुन्हा विचार करा. वाक्य पक्कं होत नाही तोवर युद्धातलं एकही दृश्य लिहू नका.

ऐकणारं कोण आहे

बोलणारी ठरली की ऐकणारं माणूस ठरवावं लागतं, कारण ऐकणारं बदललं की आठवणही बदलते. नातीला सांगताना आजी प्रियकराची गोष्ट सांगेल पण गर्भपाताची गाळेल. मुलगा समोर असेल तर प्रियकरही गाळेल. मुलाखत घ्यायला आलेल्या परक्या विद्यार्थ्याला कदाचित दोन्ही सांगेल, आणि नंतर ती ध्वनिफीत परत मागेल. त्या काळातल्या, अजून जिवंत असलेल्या मैत्रिणीशी बोलताना तर काही सांगावंच लागत नाही. त्या दोघी अर्ध्या वाक्यांत बोलतील आणि वाचकाला उरलेलं अर्धं स्वतः भरावं लागेल.

ऐकणाऱ्याचंही काहीतरी पणाला लागलेलं असू द्या. नुसती 'मग पुढे काय झालं?' विचारणारी नात कंटाळवाणी होते. तिला घर विकायचं आहे, किंवा आपली आई आजीशी इतकी फटकून का वागते हे तिला समजून घ्यायचं आहे, किंवा तिला मुळात ही गोष्ट ऐकायचीच नाही. तिसरी शक्यता नवोदितांना सुचत नाही, पण न ऐकू इच्छिणाऱ्याला सांगण्याची धडपड फार जिवंत दृश्यं देते.

अख्खं युद्ध नको, एक तुकडा

सहा वर्षं, तीन खंड, चार आघाड्या पहिल्या कादंबरीत कोंबू नका. एक शहर, एक काम आणि दीड-दोन वर्षांचा काळ एवढं पुरतं. तुकडा निवडताना स्वतःला विचारा: या काळात तिचे हात काय करत होते? भावना नंतर येतील. हातांना काम नसलेली युद्धकथेतली तरुणी वाट बघत बसते, आणि वाट बघणारं पात्र फार पानं पेलत नाही.

ब्लेचलीच्या 'बॉम्ब' नावाच्या यंत्रांवर काम करणाऱ्या नौदलाच्या मुली पाळीभर उभ्या राहून चाकं लावत, तारा जोडत, गोंगाटात आणि तेलाच्या वासात. आपण उलगडतोय तो संदेश कसला आहे हे त्यांना सांगितलं जात नसे. ५८८ व्या सोव्हिएत बॉम्बफेकी रेजिमेंटच्या मुली लाकूड आणि कापडाची संथ पो-२ विमानं रात्री उडवत. लक्ष्याजवळ इंजिनाचा आवाज बंद पाडून नुसत्या तरंगत जात. त्यांच्या यंत्रज्ञही मुलीच होत्या, कडाक्याच्या थंडीत उघड्या बोटांनी दुरुस्ती करणाऱ्या. सिंगापूरला १९४३ मध्ये उभ्या राहिलेल्या झाशीची राणी रेजिमेंटमध्ये, कॅप्टन लक्ष्मी स्वामीनाथन यांच्या नेतृत्वाखाली, मलायातल्या रबराच्या मळ्यांवरच्या कितीतरी मजूर मुली आल्या. ज्या देशासाठी त्या बंदूक चालवायला शिकल्या तो त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलाही नव्हता. या एका वाक्यातच ऐंशी वर्षांच्या बाईसाठी केवढा प्रश्न दडला आहे: पुढे तिने तो देश पाहिला का? आणि कसा वाटला?

गणवेश हवाच असंही नाही. वेढ्यातल्या लेनिनग्राडमध्ये पाण्यासाठी नदीवर बादली घेऊन जाणारी मुलगी, १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात ट्यूलिपचे कंद शिजवणारं डच घर, १९४२ मध्ये रंगूनहून डोंगर-जंगल तुडवत निघालेल्या लाखो भारतीयांमधली एक, या सगळ्यांकडे कादंबरीपुरतं काम आहे.

एक गोष्ट इथे आवर्जून सांगतो, कारण ती लिहायला लोक कचरतात. बऱ्याच स्त्रियांसाठी युद्धाची वर्षं आयुष्यातली सर्वांत मोकळी वर्षं होती. पहिला पगार, घराबाहेरची पहिली रात्र, आपण यंत्र चालवू शकतो याचा शोध. मग शांतता आली आणि नोकऱ्या परतलेल्या पुरुषांना देऊन त्यांना घरी पाठवलं गेलं. लाखो माणसं मेली त्या काळात आपण सुखी होतो, ही कबुली देणं एखाद्या भयंकर घटनेच्या कबुलीपेक्षा अवघड असू शकतं. तुमच्या नायिकेच्या मौनामागे दुःख असेलच असं गृहीत धरू नका. आनंदही असू शकतो.

माहिती शोधताना

इतिहासाची जाड पुस्तकं वाचा, पण त्यावर थांबू नका. सेनापतींच्या हालचाली तुमच्या नायिकेला माहीत नव्हत्या. तुम्हाला तिच्या दिवसाची माहिती हवी आहे. ब्रिटनमध्ये १९३७ मध्ये सुरू झालेल्या 'मास ऑब्झर्वेशन' या उपक्रमात सामान्य माणसांनी युद्धभर रोजनिशा लिहून पाठवल्या; तो संग्रह ससेक्स विद्यापीठात आहे. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमकडे ध्वनिमुद्रित मुलाखतींचा मोठा साठा आहे. बीबीसीने २००३ ते २००६ या काळात लोकांच्या युद्धआठवणी गोळा केल्या, त्या सुमारे ४७,००० भरल्या. दुसरा देश निवडलात तर तिथली तशी संग्रहालयं शोधा. आणि त्या काळच्या वर्तमानपत्रांतल्या बातम्यांइतक्याच जाहिराती वाचा. माणसांना कशाची टंचाई होती आणि कशाची हौस उरली होती हे जाहिरातीत दिसतं.

रोजनिशी आणि उतारवयातली मुलाखत यांत मोठा फरक आहे, हे लक्षात ठेवून दोन्ही वापरा. रोजनिशी लिहिणाऱ्याला उद्या काय होणार ठाऊक नसतं. मुलाखत देणाऱ्याला शेवट माहीत असतो आणि तो नकळत सगळं त्या शेवटाकडे वळवत सांगतो. तरुण मुलीची प्रकरणं लिहिताना रोजनिशा जवळ ठेवा, म्हातारीची लिहिताना मुलाखती.

तपशिलाच्या चुका कुठे होतात ते थोडं सांगतो. ब्रिटनमध्ये रेशनिंग ८ जानेवारी १९४० ला बेकन, लोणी आणि साखरेपासून सुरू झालं, कपड्यांवर जून १९४१ मध्ये आलं, आणि सगळं उठायला जुलै १९५४ उजाडला. पण पाव युद्ध चालू असताना कधीच रेशनवर नव्हता. तो रेशनवर आला युद्धानंतर, १९४६ मध्ये. तेव्हा १९४३ च्या लंडनमध्ये तुमची नायिका पावाचं कूपन फाडून देत असेल तर जाणकार वाचक तिथेच पुस्तक मिटेल. लेनिनग्राडचं नेमकं उलट. तिथे नोव्हेंबर १९४१ च्या अखेरीस बहुतेक नागरिकांचा रोजचा हिस्सा १२५ ग्रॅम पावावर आला होता, आणि त्या पावातही भेसळ.

आवाजांकडे विशेष लक्ष द्या, कारण आवाजाची आठवण चित्राइतकी गुळगुळीत झालेली नसते. जून १९४४ पासून लंडनवर येणाऱ्या व्ही-१ बॉम्बचं इंजिन घरघरत असे. ते ऐकू येत होतं तोवर ठीक. आवाज थांबला की तो खाली येत असे. सप्टेंबरपासून आलेलं व्ही-२ रॉकेट ध्वनीपेक्षा वेगवान होतं, त्यामुळे स्फोट आधी होई आणि त्याच्या येण्याचा गडगडाट नंतर. व्ही-१ मुळे लोक शांततेला घाबरायला शिकले, व्ही-२ मध्ये घाबरायलाही अवधी नव्हता. लेनिनग्राडच्या रेडिओवर कार्यक्रम नसताना मेट्रोनोमचे ठोके लावलेले असत: संथ असले तर आकाश मोकळं, जलद झाले तर हल्ला. साठ वर्षांनी एखाद्या नातवंडाच्या पियानोच्या शिकवणीत मेट्रोनोम वाजला तर या बाईचं काय होईल, हे मी तुम्हाला लिहून द्यायची गरज नाही.

तिला जे तेव्हा माहीत नव्हतं ते तिच्या तोंडी घालू नका. २३ डिसेंबर १९४१ ला रंगूनवर पहिला मोठा हवाई हल्ला झाला तेव्हा लोक विमानं बघायला रस्त्यावर आले. आसरा घेण्याऐवजी वर बघत उभे राहिले, आणि त्यामुळे मेलेल्यांची संख्या वाढली. आज हे वाचताना आपल्याला ओरडावंसं वाटतं. लिहिताना मात्र तुम्हीही तिच्यासोबत वर बघत उभं राहायला हवं.

वृद्धांशी बोलताना

ओळखीत कुणी युद्धातून गेलेलं माणूस उरलं असेल तर जरूर भेटा. आता अशी माणसं नव्वदीपुढची आहेत, त्यामुळे बहुतेकांना त्यांच्या मुलांकडूनच ऐकावं लागेल. त्यातही मोल आहे. घरात काय बोललं जात नव्हतं, हे मुलांना पक्कं माहीत असतं.

'तेव्हा कसं वाटलं?' असं विचारू नका. त्याचं उत्तर गेली कित्येक वर्षं तयार असतं. पायात काय घालत होता, केस कशाने धुवायचात, रात्री अंधारात पायखान्याला कसं जात होता, पाळी आली की काय वापरत होता, असं विचारा. या प्रश्नांना तयार उत्तर नसतं. माणूस थांबतं, शोधतं, आणि शोधताना तुम्ही न विचारलेलं काहीतरी सापडतं. एका बैठकीत तासाभराहून जास्त थांबू नका. बोलणं थांबवून त्या चहाकडे किंवा हवामानाकडे वळल्या तर तुम्हीही वळा. परत यायचं की नाही हे त्यांना ठरवू द्या. आणि ऐकलेलं कादंबरीत वापरणार असाल तर आधीच, स्पष्ट शब्दांत परवानगी घ्या. नावं बदलली म्हणजे भागलं असं होत नाही. घरच्यांना ओळखू येतं.

आठवण कशी वागते

स्मृतीबद्दल झालेल्या अभ्यासातल्या दोन-तीन गोष्टी या कादंबरीला थेट उपयोगी आहेत. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच दाखवून दिलं होतं की माणूस आठवतो तेव्हा जुनी गोष्ट बाहेर काढत नाही, नव्याने रचतो. आणि रचताना स्वतःला न पटणारे भाग गाळतो, पटतील असे भरतो. पुढे १९८० च्या दशकात डेव्हिड रुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की वय वाढलेल्या माणसांना साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी प्रमाणाबाहेर जास्त येतात. तुमच्या नायिकेचं युद्ध नेमकं त्याच वयात आलं आहे. तिला मधली चाळीस वर्षं धूसर आणि ते अठरा महिने लख्ख दिसणं अगदी खरं आहे, आणि ज्या मुलांना तिने त्या चाळीस वर्षांत वाढवलं त्यांना ते बोचणं हेही खरं आहे.

लख्ख म्हणजे अचूक, असं मात्र नव्हे. १९८६ मध्ये अमेरिकेच्या चॅलेंजर अंतराळयानाचा स्फोट झाला तेव्हा मानसशास्त्रज्ञ उल्रिक नाइसर यांनी विद्यार्थ्यांकडून दुसऱ्याच दिवशी ही बातमी कशी कळली ते लिहून घेतलं, आणि काही वर्षांनी पुन्हा विचारलं. कितीतरी जणांची नंतरची हकिकत आधीच्या हकिकतीशी जुळेना, पण खात्री पक्की. स्वतःच्या अक्षरातला जुना कागद दाखवला तरी त्यांना नवीच आठवण खरी वाटत होती.

हे कादंबरीत आणायचं तर एक प्रसंग दोनदा सांगा. पहिल्या वेळी स्टेशनवर निरोप देताना पाऊस पडत होता. दीडशे पानांनंतर, वेगळ्या ऐकणाऱ्यासमोर, लख्ख ऊन होतं आणि निरोप द्यायला ती एकटी नव्हती. दुरुस्ती करायला निवेदक मध्ये येऊ नये. वाचकाला फरक दिसतो आणि तो विचारात पडतो की हिला आधी एकटं असण्याची गरज का वाटली होती. पण ही युक्ती एकदाच, फार तर दोनदा. प्रत्येक गोष्ट डळमळीत केली तर वाचक कशातच जीव गुंतवत नाही.

स्मृतिभ्रंश वापरायचा असेल तर काळजीने वापरा. नवे प्रसंग आधी पुसले जातात आणि जुने टिकून राहतात, हे कथेला सोयीचं आहे म्हणूनच तो मोह धोक्याचा. त्या आजारात माणूस चिडतं, घाबरतं, ओळखीच्या खोलीत हरवतं. सोयीच्या वेळी सुसंगत आठवण सांगून उरलेल्या वेळी गोंधळलेली राहणारी आजी खोटी वाटते.

दोन काळ आणि मराठी

मराठीत लिहिणाऱ्याच्या हाताशी इथे काही सुंदर सोयी आहेत. म्हातारीबद्दल लिहिताना 'त्या उठल्या', तरुणीबद्दल 'ती उठली', एवढ्यावर काळ बदलता येतो. तारखेचं शीर्षक द्यावं लागत नाही. आदरार्थी बहुवचनातून एकवचनात उतरताना वाचक आपोआप साठ वर्षं मागे जातो. आणि एखाद्या हळव्या क्षणी म्हातारीसाठीच 'ती' वापरलंत, तर आत काहीतरी हललं हे न सांगता कळतं. हा नियम पहिल्या पानापासून शेवटपर्यंत काटेकोर पाळा, तरच तो मोडण्याला किंमत राहील.

दुसरी सोय रीतिभूतकाळाची. 'भोंगा वाजला की आई दिवे मालवायची, आम्ही जिन्याखाली बसायचो' असं लिहिलं की शेकडो रात्री एका वाक्यात येतात. 'त्या रात्री आईने दिवे मालवलेच नाहीत' असं लिहिलं की एक रात्र बाकीच्यांतून वेगळी होते. आठवणीची लय अशीच असते: पुष्कळ 'व्हायचं', आणि मग एकदम 'झालं'. नवोदितांच्या खर्ड्यात सगळंच 'झालं' असतं, म्हणून एकही रात्र उठून दिसत नाही.

प्रथमपुरुषी निवेदन घेतलंत तर बाईच्या वयाचे आणि काळाचे शब्द सांभाळा. १९२३ ची बाई स्वतःच्या अनुभवाला 'ट्रॉमा' म्हणणार नाही. ती म्हणेल, 'त्यानंतर मला मांस शिजल्याचा वास सहन होईना.' ते जास्त बोलतं.

वर्तमानातून भूतकाळात जाताना वासाचा किंवा सुराचा पूल प्रत्येक वेळी बांधू नका. सरळ ओळ सोडा आणि तिकडे जा. वाचक येतो मागे. आणि वर्तमानाला स्वतःची गोष्ट द्या: घराचा व्यवहार, मुलीशी अबोला, एक पत्र ज्याला उत्तर द्यायचं की नाही ठरत नाही. युद्धाचं प्रत्येक प्रकरण संपलं की या आजच्या गोष्टीत काहीतरी सरकायला हवं.

गुपिताचं काय करायचं

या प्रकारात शेवटी मोठं गुपित फुटतं अशी वाचकाची अपेक्षा असते, आणि ती पुरवण्याच्या नादात लेखक साडेतीनशे पानं वाचकापासून लपवाछपवी करतो. मला ते पटत नाही. आपण जिच्या डोक्यात बसलो आहोत ती बाई जी गोष्ट रोज विचारात घेते ती फक्त आपल्यालाच कळू द्यायची नाही, हा वाचकाशी केलेला अप्रामाणिकपणा वाटतो. गुपित वाचकाला निम्म्यापर्यंत कळू द्या. त्यापुढची उत्सुकता वेगळी असते: मुलीला हे कधी कळणार, आणि कळल्यावर ती टेबलावरून उठून जाणार की बसून राहणार?

बसून लिहिताना

पहिल्या ओळीपासून क्रमाने जाऊ नका. आधी म्हातारीचा एक साधा दिवस लिहा, उठण्यापासून झोपेपर्यंत, युद्धाचा उल्लेख न करता. औषधं, गुडघे, शेजारीण, रेडिओ, काय खाल्लं, कुणावर राग आला. मग तरुणीच्या कामाचा एक दिवस, तितकाच साधा, कुणी न मरणारा. मग त्या दोघी ज्या एका प्रसंगाभोवती फिरत आहेत तो. हे तीन भाग उभे राहिले की कादंबरी आहे; नाही राहिले तर अजून 'आजच का?' या चिठ्ठीकडे परत जायचं आहे.

खर्डा पूर्ण झाल्यावर महिनाभर बाजूला ठेवा. मग म्हातारीची सगळी पानं वेगळी काढून, फक्त तीच सलग वाचा. युद्धाची पानं हाताशी नसताना त्यांची एक कथा होते का, त्यात कुणी काही मिळवतं किंवा गमावतं का, ते पाहा. कुठे ती फक्त उसासे टाकते आणि खिडकीबाहेर बघते अशी पानं दिसली तर ती काढा आणि तिथे तिला एखादं काम, एखादं भांडण द्या. त्यानंतर तरुणीची पानं अशीच वाचा आणि तारखा, वयं, रेशन, गाड्यांच्या वेळा वहीशी ताडून घ्या.

शेवटच्या प्रकरणाबद्दल एवढंच सांगतो. तिला मारू नका. सांगून झालं आणि डोळे मिटले, हा शेवट लेखकाला सोपा जातो, कारण सांगितल्यानंतर काय, हे लिहावं लागत नाही. सांगून झाल्यावरची दुसरी सकाळ लिहा. मुलीचा फोन येतो की येत नाही, नात येताना कुणाला बरोबर आणते, आणि काल सांगितलं त्यातलं काय आजी आज परत घेतात.